बटन स्ट्रीटच्या दारावरचा शिंपला

मी एक जुना, भोकं पडलेला शिंपला आहे. हसू आलं ना? हसा, मित्रांनो, खुशाल हसा. पण माझ्याकडे बघून 'अरेरे, बिचारा' म्हणणार असाल तर हे पान आत्ताच उलटा. बिचारा तुमचा शेजारी असेल. मी ब्रांट्स लँडिंगचा शिंपला आहे.

माझा जन्म अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या तळाशी झाला. ब्रांट्स लँडिंगच्या अलीकडे नदी कोपरासारखी वाकते. तिथं पाणी मंदावतं आणि वाळू-खडी साचते. त्या खडीत आम्ही इतके खच्चून भरलेलो होतो की नव्यानं येणाऱ्याला कूस बदलायला जागा नसे. आमच्या जातीच्या पाठीवर जाड वळ्या असतात, म्हणून इकडं आम्हाला 'धुण्याची फळी' म्हणतात. नाव काही खास नाही, पण बळकट आहे.

एके दिवशी वरून लोखंडी गळांची माळ खरडत आली. आता एक लक्षात ठेवा. माशाला गळ टोचतो, पण शिंपल्याला टोचत नाही. शिंपलाच गळाला धरतो! काही बोचलं की आम्ही कवाडं मिटतो, आणि एकदा मिटली की सोडत नाही. एखादा शहाणा प्राणी सोडून देईल आणि वाचेल. आमच्यात ते शहाणपण नाही. पुढं कळलं की वरच्या गावातली माणसंही याच जातीची आहेत.

त्या काळी ब्रांट्स लँडिंग शिंपल्याच्या बटनांवर जगत होतं. काठावर मोठ्या कढयांमध्ये आम्हाला उकडत. आतलं मांस डुकरांना घालत. नदीपासून चर्चपर्यंत घाण वास सुटे आणि लोक म्हणत, "वास येतोय म्हणजे काम आहे!" मग कारखान्यात गोल करवतीनं माझ्यातून सहा बटनं कापली. ती कुणाच्या सदऱ्याला लागली, कुठल्या गावी गेली, मला ठाऊक नाही. उरलेला मी, सहा भोकांसकट, बटन स्ट्रीटमागच्या बोळात खडी म्हणून पडलो. आमच्या गावचे सगळे बोळ असेच भरलेत. अजूनही पावलाखाली कुरकुरतात.

गाव म्हटलं खरं, पण तुम्ही म्हणू नका. इथले लोक चिडतात. इथं महापौर आहे, आगीचा बंब आहे, शाळेचा बँड आहे, म्हणून हे शहर! जर्मन आले, बेल्जियन आले, केंटकीहून होड्या भरभरून आले, तेव्हा वस्ती नऊ हजारांवर गेली होती. मग प्लॅस्टिकची बटनं निघाली आणि कारखाने एकामागून एक बंद पडले. पोरं शाळा संपवून शिकागोला, डेमॉइनला जाऊ लागली. वेशीवर लोकसंख्येची पाटी आहे. दर दहा वर्षांनी रंगारी यायचा आणि आकडा खाली आणायचा. आता तीन हजारही नाहीत. कुठल्याशा मोठ्या पेपरानं छापलं, 'मरणपंथाला लागलेलं शहर'. मरणपंथाला! त्या शुक्रवारी बंबखान्यात तळलेल्या माशांची पंगत होती आणि बसायला खुर्ची मिळत नव्हती, ते नाही छापलं.

असो. मी बोळातून दारावर कसा आलो ते सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यामुळंच घडलं.

पासष्ट साली मोठा पूर आला. पाणी ओसरल्यावर व्हर्लिन रोडे नावाच्या माणसानं मला चिखलातून उचललं. बंद पडलेल्या बटन कारखान्याची इमारत याच्या मालकीची. पुराचं पाणी जिथवर चढलं तिथं दारावर शिंपला ठोकायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. पाणी चढलं होतं दाराच्या मुठीपर्यंत. व्हर्लिननं खिळा मुठीपाशी धरलासुद्धा. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "व्हर्लिन, पलीकडचे सांगतायत, त्यांच्याकडं पाणी बँकेच्या खिडकीपर्यंत होतं!"

पलीकडचे म्हणजे नॉरिस पॉइंट. नदीच्या त्या काठावरचं, इलिनॉयमधलं शहर. आमचं आणि त्यांचं कधी पटलं नाही. त्यांचा बँड मोठा की आमचा, त्यांचा मासा मोठा की आमचा, हेच चालायचं. मग पूर तरी त्यांचा मोठा कसा?

"त्यांच्याकडं खिडकीपर्यंत काय?" व्हर्लिन म्हणाला. "शिडी आणा रे."

आणि मला ठोकलं थेट चौकटीच्या माथ्यावर! माझ्या खालच्या भोकातून खिळा गेला. चार पुरुष खाली उभे होते. चौघांनी माना डोलावल्या. व्हर्लिनची नऊ वर्षांची लेक आर्डिस म्हणाली, "पप्पा, पाणी तर—" तिला म्हणाले, "तू घरात जा." त्यानंतर माझी छायाचित्रं निघाली, पोस्टकार्डं छापली गेली. शाळेची पोरं रांगेनं यायची आणि मास्तर सांगायचे, "बघा, पाणी इथवर होतं!" दोन-चार वर्षांत खुद्द व्हर्लिनलाही ते खरं वाटायला लागलं. आणि मी? मी वर मिरवत होतो. खोटं का सांगू, मजा यायची.

वर्षं गेली. व्हर्लिन गेला. आर्डिस म्हातारी झाली. इमारत तिच्याकडं आली आणि पुढची खोली तिनं ओतिलियाला दिली. ओतिलिया ग्वाटेमालाची. तिचा नवरा डुकराच्या मांसाच्या कारखान्यात कामाला. त्या कारखान्यामुळं तिच्याकडची बरीच कुटुंबं बटन स्ट्रीटवर राहायला आली, बंद घरांची दारं उघडली, आणि वेशीवरचा आकडा कित्येक वर्षांत पहिल्यांदा किंचित वर गेला. ओतिलियानं माझ्याखाली भट्टी घातली. सकाळी गोड पावाचा वास यायचा. वास येतोय म्हणजे काम आहे, हे मला आपलं पुन्हा आठवायचं.

मग गेल्या वसंतात पुराचा नवा नकाशा करायला एक इंजिनिअर बाई आल्या. आमच्या वळणावरची पाणी मोजायची सरकारी पट्टी पासष्टच्या पुरातच वाहून गेली होती. तेव्हा बाईंनी काय मोजलं? मला! कार्यालयात माझी पोस्टकार्डंच होती म्हणे. त्या हिशेबानं अख्खी बटन स्ट्रीट धोक्याच्या पट्ट्यात आली. घरं सरकार विकत घेणार, पाडणार आणि तिथं गवत लावणार. आधीच मूठभर वस्ती, त्यातली ही एवढी गेली की शाळा जाणार. शाळा गेली की उरलं काय? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, मित्रांनो.

आर्डिसनं ओतिलियाला खरं काय ते सांगितलं. ओतिलियानं हातातलं पीठ झटकलं आणि वर माझ्याकडं बघितलं. ती आर्डिसला मानानं 'दोन्या' म्हणते, म्हणजे त्यांच्या भाषेत बाईसाहेब.

"म्हणजे दोन्या आर्डिस, तुमच्या पप्पांनी एक थाप मारली, आणि माझी भट्टी जाणार?"

"थाप म्हणू नकोस गं."

"मग काय म्हणू? मी एक देश सोडून आले. आता एका शिंपल्यासाठी गल्ली सोडू?"

आर्डिस हळूच म्हणाली, "इंजिनिअर बाईंना सांगितलं मी. त्या म्हणाल्या, घर वाचवायला आता सगळेच असं म्हणतात."

बाई वाईट नव्हत्या. त्यांचं चुकलं तरी काय होतं? साठ वर्षं आम्हीच तर ओरडून सांगत होतो.

दर शनिवारी नॉरिस पॉइंटहून मर्ल टिपेट पूल ओलांडून यायचा. सत्तरी ओलांडलेला, सडपातळ, तोंडाचा फटकळ. ओतिलियाचा पाव घ्यायचा, आणि माझ्याखाली उभा राहून आर्डिसला डिवचायचा. इतकी वर्षं त्याचा एकच ठेका.

"काय आर्डिस, तुझ्या बापाची फुशारकी अजून वरच आहे की!"

एरवी ती म्हणायची, "जा रे, तुमच्याकडं पूर नव्हताच, नळ गळत होता." त्या शनिवारी म्हणाली, "मर्ल, बुधवारी इथं नकाशाबद्दल सभा आहे, इंजिनिअर बाई येणार आहेत. तू ये. आणि हेच बोल, सगळ्यांसमोर."

"काय बोलू?"

"की माझा बाप खोटं बोलला."

मर्लच्या हातातला पाव तोंडाशीच राहिला. "परत म्हण की."

"मर्ल!"

"अगं, साठ वर्षं वाट बघतोय. एकदाच."

आर्डिसनं दात आवळले. बापावर जीव होता तिचा. मला वरून तिच्या मानेची शीर दिसत होती. "माझा बाप," ती म्हणाली, "खोटं बोलला. झालं समाधान?"

"झालं," मर्ल म्हणाला. पण त्याला वाटलं होतं तेवढं ते झालेलं दिसलं नाही. पाव अर्धाच खाऊन तो गेला.

बुधवारी भट्टीमागच्या जुन्या दालनात सगळी गल्ली जमली. दार उघडंच होतं, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं. मर्ल उभा राहिला आणि म्हणाला, "ही ब्रांट्स लँडिंगची माणसं खोटारडी आहेत. आज नाही, पिढ्यानपिढ्या!"

आणि काय सांगू, लोकांनी टाळ्या वाजवल्या! नॉरिस पॉइंटच्या माणसाला आमच्याकडं टाळ्या पडलेल्या मी पहिल्यांदाच ऐकल्या.

"पासष्टच्या पुरात मी बारा वर्षांचा होतो," तो म्हणाला. "बापाबरोबर होडीतून यांना पाव घेऊन आलो. पाणी सगळ्यात जास्त चढलं होतं त्या दिवशी. होडी मी या दाराच्या मुठीला बांधली. मूठ पाण्याला टेकत होती. तो शिंपला आहे तिथं पाणी असतं तर मूठ कुठून दिसली असती?"

इंजिनिअर बाईंनी मान हलवली. मग शांतपणे म्हणाल्या, "टिपेट साहेब, तुमच्याकडच्या धान्याच्या कोठारावर एक पांढरी रेघ आहे. पासष्टच्या पुराचीच. ती मी मोजलीय. ती या शिंपल्याच्याही वर आहे. नदी तीच, पाणी तेच. तुमची रेघ खरी असेल तर यांचा शिंपला उलट कमीच दाखवतोय."

अरे देवा! ओतिलियानं डोळे मिटून घेतले. आर्डिसनं मान खाली घातली, कारण त्या रेघेबद्दल कुणी काही बोललं तर मर्ल अंगावर धावून जातो, हे सगळ्या नदीला ठाऊक होतं.

मर्लनं टोपी काढली. परत घातली. परत काढली.

"ती रेघ माझ्या बापानं मारली," तो म्हणाला. "यांचा शिंपला बघून आला, घरी जेवलासुद्धा नाही, रंगाचा डबा घेतला. शिडी मी धरली होती."

"आणि पाणी?"

"पाणी कमरेइतकं होतं, बाई. रेघ शिडीवरून मारलीय."

आधी कुणीतरी मागं फिसकन हसलं. मग सगळं दालन हसलं. मर्ल हसला नाही. तो खाली बसला तेव्हा आर्डिसनं आपल्या कॉफीचा कप त्याच्यापुढं सरकवला.

बाईंनी भिंतीवर बोटं वाजवली. "या फळ्या कधीच्या?"

"पुरानंतरच्या," आर्डिस म्हणाली. "खालच्या डागाळलेल्या भिंतीवर पप्पांनी ठोकल्या होत्या."

ओतिलियाच्या नवऱ्यानं पहार आणली. फळी करकरत निघाली. आत जुन्या गिलाव्यावर चिखलाची तपकिरी रेघ होती, सरळ आणि स्वच्छ. बरोबर दाराच्या मुठीच्या पातळीत. बाईंनी मोजली, मग पुन्हा मोजली.

नकाशा बदलला. बटन स्ट्रीट राहिली, भट्टी राहिली, शाळा राहिली. पण पाणी खोटं बोलत नाही आणि दयाही करत नाही. खऱ्या खुणेनंसुद्धा नदीकडची शेवटची चार घरं पट्ट्यात आली. त्यातलं एक आर्डिसचं.

बाई म्हणाल्या, "मला वाईट वाटतंय."

"तुम्ही कशाला वाईट वाटून घेता?" आर्डिस म्हणाली. "बापानं पाणी वर नेलं होतं, तुम्ही खाली आणलं. हिशेब सरळ झाला."

तिची लेक शिकागोहून गाडी घेऊन आली. "आई, आता तरी चल. काय राहिलंय इथं?" आर्डिसनं तिला जेवू घातलं, गाडी रिकामीच परत पाठवली आणि भट्टीवरच्या खोलीत बिऱ्हाड हलवलं. तिचं जड कपाट मर्ल आणि ओतिलियाचा नवरा शिव्या देत वर घेऊन गेले. कुणी विचारलं की ती सांगते, "मी शहर नाही सोडलं. फक्त जिना चढले."

दुसऱ्या दिवशी तिनं शिडी मागवली. मर्लनं शिडी धरली. त्याला सवय होतीच. तिनं मला माथ्यावरून काढलं, मुठीशेजारी धरलं आणि नवा खिळा ठोकला. माझ्या दुसऱ्या भोकातून. अजून चार शिल्लक आहेत!

"वरचा तो गंजका खिळा उपटू का?" मर्लनं विचारलं.

"हात लावून तर बघ," आर्डिस म्हणाली. "बापाचा आहे तो."

खाली आलो म्हणून मला लाज वाटेल, असं तुम्हाला वाटलं असेल. नाही वाटली. वर होतो तेव्हा लोक माझी छायाचित्रं काढायचे, हात कुणाचा लागायचा नाही. आता पाव घ्यायला येणारी पोरं दार ढकलताना माझ्या भोकांत बोटं घालतात. पिठाची, गुळाची, चिखलाची बोटं. मी पुसून घेत नाही.

तर मित्रांनो, पाणी पुन्हा येणार. त्याला कोण नाही म्हणतंय? ते येईल तेव्हा लांबून हळहळू नका आणि पेपरात मरणपंथ छापू नका. फावडं घेऊन या. पाणी उतरलं की जिथवर चढलं होतं तिथंच शिंपला ठोका, बोटभरही वर नको. वरच्या त्या जुन्या खिळ्याला मात्र हात लावू नका. आर्डिस खिडकीतच बसलेली असते.