खिडकीतला माणूस

समुद्रपूरच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी लग्न नव्हतं, तरी पाय ठेवायला जागा नव्हती. गिरडची माणसं होती, सिंदी मेघेची होती. एसटीतून उतरणारा जो तो एकच विचारत होता, "विमानबाबा कुठं बसले?"

स्टेजवर पांढरा पडदा, आणि पडद्यावर एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा. विमानातले दिवे जातात. कोणीतरी "अरे देवा!" म्हणून ओरडतं. खिडक्यांतून येणाऱ्या उजेडात भगव्या शालीतला एक हात वर उठतो, "जागृत हो!" असा आवाज घुमतो, आणि सगळं विमान लख्ख उजळतं. दर वेळी हॉल दणाणून उठायचा, "बाबा की जय!"

रांगेत अन्नपूर्णा उभी होती. एका हातात नऊ वर्षांच्या रक्षाचा हात, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गोळ्यांची पाकिटं. रक्षाला झटके यायचे. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या तेव्हापासून, म्हणजे चौदा महिने, एकही झटका आला नव्हता. पण बाबांचा निरोप होता, "सकाळची गोळी देऊ नका. पोरगी कोऱ्या रक्तानं आणा. उरलेल्या गोळ्या माझ्या परातीत टाका, झटका परत येणार नाई."

अन्नपूर्णा रोज सकाळी अंघोळ करून पोथीचा एक अध्याय वाचायची, ओळीखाली बोट ठेवून, एक अक्षर न गाळता. सोमवार कधी चुकला नव्हता. आज मात्र पोथी वाचली आणि गोळी चुकवली.

"आई," रक्षा पडद्याकडे बघत म्हणाली, "त्या खिडकीत..."

"चूप बस. देवाच्या ठिकाणी बडबड करू नये."

बाबांनी माइक हातात घेतला. "नागपूरहून विमान सुटलं, भक्तहो. जमीन सुटते न सुटते, तं बत्ती गुल! पायलट धावत आला, माझे पाय धरले. म्हणे, बाबा, मशीन मेली, आता तुमीच! मी म्हटलं, बेटा, विमान काय विजेनं उडते? विश्वासानं उडते! मेल्या मशिनीत मी प्राण घातले, मंग तुमची शुगर, तुमचे झटके कोण्या झाडाचा पाला?"

हशा, टाळ्या. रांग पुढे सरकली. परातीत पाकिटं पडत होती, शुगरची, बीपीची, कोणाच्या दम्याचा पंपसुद्धा. बाबांचा चेला चंद्रभान प्रत्येकाच्या कपाळाला अंगारा लावत होता. अन्नपूर्णेच्या पुढे आता चारच माणसं. तिच्या मुठीतला रक्षाचा अंगठा एकदम थरथरला. तिनं खाली पाहिलं. पोरगी नुसती कंटाळली होती की काही वेगळं होतं?

तेवढ्यात गर्दीतून एक बाई सरळ स्टेजवर चढली. साधा कुर्ता, केस मागे बांधलेले. अन्नपूर्णेनं ओळखलं. बुद्धविहाराजवळ राहणारी प्रेरणा, दहावीपर्यंत एकाच बाकावर बसलेली. आता विमान चालवते, सुट्टीवर गावी आलेली.

"महाराज, कोणता पायलट तुमच्या पाया पडला?" प्रेरणानं विचारलं. "त्या दिवशी त्या विमानात पायलट आम्ही दोघंच होतो. एक कॅप्टन, अन् एक मी."

अन्नपूर्णेला वाटलं, आता बाबा अडकले. पण बाबा हसले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. "पाहा! पायलट सोता दर्शनाले आली! बोल बेटी, बत्ती गेलती का नाई?"

"गेलती."

"परत आली का नाई?"

"आली. पण..."

"बस! अजून काय पाह्यजे?" पुन्हा जयजयकार. प्रेरणाचा आवाज त्यात बुडून गेला. रांग पुढे ढकलली गेली. परात अन्नपूर्णेच्या समोर आली.

"टाक वो बाई, लवकर," चंद्रभान म्हणाला.

तिनं पाकिटं टाकली.

"आई, सांगू दे ना मले!" रक्षाचा बारीक आवाज बाबांच्या माइकनं नेमका पकडला आणि हॉलभर झाला. "त्या खिडकीत एक काका उभा आहे. विमान उडून राह्यलं, तं काका हवेत कसा उभा आहे?"

कोणीतरी फिदकन हसलं. मग सगळ्यांच्या माना पडद्याकडे वळल्या.

"बंद कर रे ते!" बाबा ओरडले. पण पडद्याचं काम भाड्यानं आणलेल्या साउंडवाल्या रुपेशकडे होतं, आणि त्यालाही आता बघायचं होतं. त्यानं व्हिडिओ मागे नेला, थांबवला. भगव्या हाताच्या शेजारी लांबोळी खिडकी. खिडकीत खाली, नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस, कमरेवर हात ठेवून निवांत उभा. त्याच्या पायाखाली सिमेंटची जमीन.

"बाप्पा!" मागून एक म्हातारा म्हणाला. "हे तं थांबलेलं विमान आहे!"

प्रेरणानं माइक घेतला.

"धावपट्टीवर एक वेग ठरलेला असते. त्याच्या आत थांबता येते, त्याच्या पुढं गेलं की उडावंच लागते. तो वेग पार झाला, अन् माझ्या समोरचे सगळे स्क्रीन काळे झाले. कॅप्टनपुढचे थोडे आकडे तेवढे बॅटरीवर जिवंत. ते म्हणाले, 'विमान माझ्याकडं. कोणी कशालेच हात लावायचा नाई.' चारशे फूट चढेपर्यंत आम्ही एक बटण दाबलं नाई. हात नुसते शिवशिवत होते. घाईत चुकीचं बटण दाबलं तं जे चालू आहे तेही जाते. तोवर विमानाच्या पोटाखालून एक लहान पंखा आपोआप बाहेर आला. वाऱ्यानं फिरते, वीज देते. मग अशा वेळी काय करायचं, त्याची यादी मी उघडली. एकेक ओळ मोठ्यानं वाचली, तसं एकेक बटण. एक जनरेटर परत लागला, दिवे आले. आम्ही नागपूरलेच परत उतरलो. तिथं इंजिन बंद केलं. विमानाची वीज जाऊन विमानतळाची लागते ना, तेवढ्यात दिवे पाच-सात सेकंद जातात, घरी लाइन गेली अन् इन्व्हर्टर लागेपर्यंत जाते तसं. हा व्हिडिओ तेव्हाचा आहे."

"अन् पायलट पाया पडायले आला, ते?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"आमचं दार आतून बंद असते, काका. वीज नसलेलं विमान सोडून कोण पाया पडायले जाईन? गेलो असतो, तं आज हे महाराज इथं बसले नसते."

असा हशा पिकला की बाबांचं पुढचं वाक्य कोणाला ऐकूच आलं नाही. ते शाल सावरत मागच्या दाराकडे निघाले.

अन्नपूर्णेचं हसण्याकडे लक्ष नव्हतं. तिनं परातीत दोन्ही हात घातले.

"अर्पण केलेलं परत घेत नसतात," चंद्रभाननं परात ओढली.

"देवाले अर्पण केलेलं नाई घेत," ती हळूच म्हणाली. "हे तं तुमच्या परातीत टाकलं होतं."

शंभर पाकिटांतून तिनं रक्षाची पाकिटं शोधली, गोळीचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं, ओळीखाली बोट ठेवून. डॉक्टरीणबाईंना फोन लावला, रागावणं ऐकून घेतलं, आणि त्यांनी सांगितलं तशी गोळी तिथंच पाण्याबरोबर दिली. तिच्या मागे मग बाकीचेही परातीत वाकले. दम्याचा पंप आधी सापडला.

"प्रेरणा, तुले भीती नाई वाटली?" बाहेर बसस्टँडवर तिनं विचारलं.

"वाटली ना. म्हणून तं यादी असते. तुझ्या पोथीसारखी, एक ओळ गाळायची नाई."

दुसऱ्या दिवसापासून अन्नपूर्णेच्या देवघराशेजारी गोळ्यांच्या यादीचा एक कागद लागला. पोथी मिटली की रक्षा मोठ्यानं विचारते, "सकाळची गोळी?" आई पाकीट उघडते, गोळी हातावर ठेवते, पोरगी गिळते, आणि मगच आई म्हणते, "दिली."

बायांनो, हात जोडायचे तिथं जरूर जोडा, मीही जोडते. देवानं आजवर कोणाला औषध सोडायला सांगितलेलं नाही. सांगणारा कोणी भेटलाच, तर डोळे मिटायच्या आधी एकदा खिडकीतून बाहेर बघा. आणि लेकरू काही दाखवत असेल, तर त्याला चूप बसवू नका.