धारूरची बटीक आन् मी शहाणा

मी म्हाळू, धारूरचा मेंढक्या. देव अक्कल वाटत व्हता तवा मी मेंढरामागं गेलतो.

आमच्या देशमुखाच्या घरी सारजा बटीक व्हती. देशमुखीणबाईच्या लग्नात भांड्याकुंड्यासंगं तिलाबी आंदण दिलती. बीडातली कासारीण भामाबाई अशा पळालेल्या बायांना नगरच्या गाडीत बसवून देती, तिकडं इंग्रजाचा मुलूख, तिथं देशमुखाचा हात पोचत न्हाई, असं माझ्या कानावर आलतं. म्या सारजाला म्हणलं, "चल, नवराबायको म्हणून जाऊ."

दोन दिवस चालताना म्या तिच्याकडनं माझं नाव घोकून घेतलं. कुणी इचारलं तर अडखळायचं न्हाई, अशी ताकीदच दिली. स्वतःवर लई खूश व्हतो मी.

बीडाच्या वेशीत शिपायानं अडवलं. देशमुखाची वर्दी आमच्याआधी पोचलती.

"नवऱ्याचं नाव काय गं?"

"म्हाळू," सारजा फाडकन म्हणली.

शिपाई हसला. जीव गेला तरी लग्नाची बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाई, हे शेंबड्या पोराला ठावं. मला कुठलं? माझं लगीनच झालं नव्हतं. त्यानं सारजाचं मनगट धरलं. मी बोलाया गेलो तर घशातनं करडासारखा आवाज निघाला.

वेशीतच बांगड्या घेऊन बसलेली भामाबाई उठली आन् तिनं माझ्याच थोबाडीत हाणली. "मेल्या, माझ्या भाचीला भर रस्त्यात नाव घ्याया शिकवतोस व्हय? लाज न्हाई?" भाजीवाल्या धावल्या, पाणी भरणाऱ्या बाया आल्या. समद्यांनी मला धू धू धुतलं. मग शिपायाकडं वळल्या, "आन् तुमी लग्नाच्या बाईचा हात कावून धरलाय?" त्यानं हात सोडला. आख्ख्या बीडानं मार दिला म्हणून सारजा सुटली.

तिसऱ्या दिवशी भामाबाईनं नगरला जाणारी कापसाची गाडी ठरवली. गाल सुजलेला, तरी मी धुतलेलं धोतर नेसून गाडीपाशी हजर. म्हणलं, "मीबी येतो. तिकडं खरंच लगीन करू."

सारजा म्हणली, "तुमी माझ्यासाठी लई केलं. पर जन्मल्यापासून मला कुणी ना कुणी नेतंच हाय. आज मी जाती."

ती एकलीच गाडीत चढली.

खोटं कावून सांगू, मला लई राग आला. मेंढरांकडं परतताना निम्म्या वाटेपर्यंत मी तिला शिव्या घालत व्हतो. मग माझंच मला कळलं. देशमुखाच्या दाव्यातनं तिला सोडवाया निघालेला मी, घरी कोणत्या खुंट्याला बांधायची ते आधीच ठरवून बसलतो.