नावापुढचा आकडा

माणूस कर भरायला कुरकुरतो हे मी समजू शकते. पण तो तारीख विसरतो, हे मला कधीच समजलेलं नाही. तारीख म्हणजे काही भूकंप नव्हे, न सांगता यायला. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच तीस तारखेला विवरणपत्र भरायची मुदत संपते. करखातं तीन महिने आधीपासून कानीकपाळी ओरडत असतं. तरी ऐन वेळी माझ्या जिन्यावर पावलं वाजायला लागतात आणि एकेक महाभाग दारात उभा राहून विचारतो, "मॅडम, अजून वेळ आहे ना?"

तेवीस वर्षं मी लोकांची विवरणपत्रं भरते आहे. टायरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्याला माझी एक खोली आहे. टेबल, संगणक, कागद ठेवायचा पत्र्याचा ट्रे आणि दोन खुर्च्या. तिसरी खुर्ची मी मुद्दाम घेतलेली नाही, कारण बूड टेकायला जागा मिळाली की लोक मला त्यांच्या अडचणी सांगतात. गिऱ्हाईकं एकूण चव्वेचाळीस. त्यांतली त्रेचाळीस म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

दातांचे डॉक्टर घ्या. लोकांच्या तोंडात वाकून मोहरीएवढी कीड शोधतात, पण वर्षभराच्या पावत्या एका खोक्यात कोंबून आणतात. एकदा त्या पावत्यांतून प्लास्टरचा एक अख्खा जबडा निघाला. छापखानेवाला सगळ्या बाजाराला क्रमांक घातलेली बिलबुकं छापून देतो आणि स्वतःची बिलं रद्दी कागदाच्या पाठीवर लिहितो. शिकवणीवाले सर पोरांना वेळेचं महत्त्व शिकवतात. दरवर्षी ते मला मुदत वाढवून मिळण्याबद्दल अर्ज देतात, विषय वगैरे घालून, जणू काही तारीख मीच ठरवते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

सुरुवातीची दोन वर्षं मी या लोकांना खरी तारीख सांगत असे. तरुण होते, दुसरं काय. मग मी शहाणी झाले आणि प्रत्येकाला खोटी तारीख द्यायला लागले.

पद्धत सोपी होती. पहिल्या वर्षी जो जितके दिवस उशिरा आला, तितका आकडा हिरव्या वहीत त्याच्या नावापुढे लिहायचा. दुसऱ्या वर्षापासून तेवढे दिवस तीसमधून वजा करायचे आणि येईल ती तारीख आठवणीच्या कार्डावर लिहून धाडायची. "आपली कागदपत्रे अमुक तारखेपर्यंत आणावीत, हीच शेवटची मुदत." दातांच्या डॉक्टरांपुढे नऊ होते, म्हणून त्यांना एकवीस तारीख. छापखानेवाल्यापुढे पंधरा. शिकवणीवाल्या सरांपुढे सहा, कारण अर्ज लिहायला तरी ते वेळेवर बसतात. एकदा लिहिलेला आकडा मी खोडत नसे. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं माझं मत होतं आणि त्याचा मला अभिमान होता.

सगळ्यांत मोठा आकडा होता एकवीस. तो माझ्या धाकट्या बहिणीपुढे होता.

धाकटी शिवणकाम करते. आधी घरी एक मशीन होतं, आता भाड्याच्या गाळ्यात सहा मशीनं आणि हाताखाली पाच बायका आहेत. धंदा सुरू केला त्या वर्षी ती माझ्याकडे एकवीस दिवस उशिरा आली, उशीच्या अभ्र्यात कागद भरून. तो अभ्रा तिनं टेबलावर उपडा केला तेव्हा त्यातून दोन बटणं आणि एक चॉकलेटचा कागदही पडला. मी तिला बोल बोल बोलले. ती लहानपणापासून अशीच, परीक्षेला पेन विसरणारी. मी एकवीस लिहिले आणि पुढच्या वर्षापासून तिला नऊ तारीख द्यायला लागले.

त्यानंतर सलग अकरा वर्षं धाकटी नऊ तारखेला आली. आठला नाही, दहाला नाही. कागद महिन्यांप्रमाणे लावलेले असायचे आणि सगळा गठ्ठा डाव्या कोपऱ्यात जाड दोऱ्यानं शिवलेला. दरवर्षी वेगळ्या रंगाचा दोरा, म्हणजे वर्ष ओळखू येतं, असं तिचं म्हणणं. मी हसायचे. तिचा गठ्ठा मी ट्रेमध्ये न ठेवता टेबलाच्या खालच्या खणात टाकायचे. ट्रे गिऱ्हाइकांसाठी, खण घरच्यांसाठी. तीसला अजून एकवीस दिवस असायचे. बाकीच्यांचं उरकलं की शेवटच्या आठवड्यात मी निवांत दोरा कापून तिचं भरून टाकत असे. आकडा मात्र एकवीसच राहिला. तो बदलावा असं माझ्या मनातही आलं नाही.

यंदा नऊला ती आली तेव्हा गठ्ठा जांभळ्या दोऱ्याने शिवलेला होता. खुर्चीत न बसताच ती म्हणाली, "ताई, यंदा जरा लवकर करशील का?"

"का? कुठे आग लागली?"

"इस्पितळाचं टेंडर निघालंय. चादरी, पडदे, नर्सबायकांचे कपडे, सगळं तीन वर्षांसाठी. त्यांना तीन वर्षांच्या विवरणपत्रांच्या पोचपावत्या हव्यात, तिन्ही मुदतीच्या आतल्या. एक जरी उशिराची असली तरी अर्ज बाद. दोन आहेत माझ्याकडे. ही तिसरी."

"अर्ज कधी द्यायचाय?"

"एक तारखेला, दुपारी बारापर्यंत. मिळालं ना, तर आत्ता ज्या व्यापाऱ्याचं शिवते, त्याचं काम सोडीन म्हणते. नगावर शिवून शिवून बायकांच्या हाताला काही उरत नाही. दोघी तर सोडून जायचं म्हणतायत."

"एकला सकाळी ये आणि पावती घेऊन जा," मी म्हटलं आणि गठ्ठा खणात टाकला.

वीस तारखेला तिचा फोन आला. "ताई, झालं का गं?"

"तू एकटीच आहेस का मला? होईल म्हटलं ना."

"बरं," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर मी एकटीच पुटपुटले, मुलखाची घायकुती.

यंदा एक गोष्ट विचित्र घडत होती. पंधरा तारीख गेली, छापखानेवाला आला नाही. एकवीस गेली, डॉक्टर आले नाहीत. चोवीसला सरांचा अर्जसुद्धा नाही. ट्रे रिकामा पडून होता. मी रोज वही उघडायचे, नावांवरून बोट फिरवायचे आणि एकेकाचा मनात उद्धार करायचे. त्या आठ-दहा दिवसांत खालचा खण उघडून धाकटीचं काम सहज झालं असतं. पण तिचं शेवटच्या आठवड्यात करायचं, असा माझा नेम होता आणि मी नेमाची बाई. शिवाय लोकांची वाट बघत चिडून बसण्यात दिवस कसे जातात ते कळत नाही.

सत्तावीसपासून जिना वाजायला लागला. अठ्ठावीसला छापखानेवाला आला तो बत्तिशी दाखवतच.

"तेरा दिवस उशीर," मी म्हटलं.

"उशीर कसला, मॅडम? तीसला अजून दोन दिवस आहेत." तो खुर्चीत ऐसपैस बसला. "दाढ दुखत होती म्हणून डॉक्टरांकडे गेलो होतो. तोंडात सळई घालून ते म्हणतात, मॅडमची एकवीस तारीख जवळ आली. मी तोंड मिटायच्या आत खिशातून माझं कार्ड काढून दाखवलं. माझी पंधरा. मग आम्ही दोघांनी बाजारात सगळ्यांची कार्डं बघितली. काय मजा आली म्हणून सांगू."

"कार्डं तुमच्याच छापखान्यात छापली होती. इतकी वर्षं ध्यानात नाही आलं?"

"तारखेची जागा तुम्ही कोरी ठेवायला सांगता ना, मॅडम. ती तुम्ही हातानं भरता."

शेरास सव्वाशेर भेटला होता, आणि तोही रद्दीवर बिलं लिहिणारा. माझा संताप संताप झाला. माझी लबाडी उघडी पडली म्हणून नाही, ती या माणसानं उघडी पाडली म्हणून.

पुढचे अडीच दिवस मी त्रेचाळीस माणसांचं वर्षभराचं गबाळ निस्तरलं. डॉक्टरांचं खोकं आलं. सर अर्जाशिवाय आले आणि विजयी मुद्रेनं उभे राहिले. कुणाकडे बँकेचा कागद नव्हता, कुणी जुन्याच वर्षाचे आणले होते, एकानं तर सही करायला मेहुण्याला पाठवलं. मी जेवले नाही, नीट झोपले नाही, पण एकालाही टोमणा मारल्याशिवाय सोडलं नाही. तीसला संध्याकाळी आठ वाजता खात्याचं पोर्टल बंद होतं. पावणेआठला मी शेवटचं विवरणपत्र भरलं. ट्रे रिकामा झाला. ट्रे रिकामा म्हणजे काम संपलं, हाही माझा नेमच. वही न उघडता मी दिवा मालवला आणि जिना उतरताना मनात म्हटलं, या गाढवांना कळायचं नाही, पण मी होते म्हणून हे तरले.

एक तारखेला सकाळी साडेनऊला धाकटी आली. इस्त्रीची साडी, केस नीट बांधलेले, हातात मोठं पाकीट. त्यात टेंडरचे सगळे कागद होते, फक्त एका पावतीची जागा रिकामी. यंदा पहिल्यांदाच ती खुर्चीत बसली.

"दे," ती म्हणाली.

मी खाली वाकून खण ओढला.

जांभळा दोरा तसाच होता. गाठसुद्धा जशीच्या तशी. दोरा कापल्याशिवाय कागद सुटे होत नाहीत, आणि कागद सुटे झाल्याशिवाय काही भरता येत नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी वाकलेलीच राहिले. वर बघायचं धाडस होईना. धाकटी उठून टेबलाच्या बाजूनं आली आणि तिनं खणात पाहिलं.

खाली कुणीतरी टायरवर हातोडा मारत होतं.

"आत्ता भरते," मी म्हटलं. "दहा मिनिटांचं काम आहे."

"पावतीवर आजची तारीख येईल ना?"

"हो."

"मग काय उपयोग?"

इतकी वर्षं लोकांवर फेकायला माझ्याकडे एकाहून एक वाक्यं होती. त्यांतलं एकही माझ्यावर फेकायला तिनं घेतलं नाही. त्यापेक्षा तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी बोलायचं म्हणून बोलले, "त्या सगळ्यांनी शेवटच्या दोन दिवसांत गर्दी केली. त्यांना तीस तारीख कळली, म्हणून."

"मलाही कळली होती. पडद्यांचं माप घ्यायला डॉक्टरांकडे गेले होते, तेव्हा छापखानेवाला तिथंच होता. त्यानं सांगितलं."

"कधी?"

"चार तारखेला."

"आणि तरी तू नऊला आलीस?"

"तू नऊ सांगितली होतीस." ती हे साधेपणानं म्हणाली. "म्हटलं, ताईनं सांगितलंय तर काही कारण असेल. माझं कामच जास्त असेल."

मग तिनं वही मागितली. मी दिली. नाही म्हणायला तोंड कुठे होतं? ती पहिल्या पानापासून बोट फिरवत गेली. डॉक्टर नऊ. सर सहा. छापखानेवाला पंधरा. शेवटून दुसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं.

"एकवीस," ती म्हणाली. "सगळ्यांत जास्त."

"ते पहिल्या वर्षाचं आहे. अभ्रा घेऊन आली होतीस ना, तेव्हाचं."

"त्या वर्षी धाकटा पोटात होता, ताई. मी पंधरा दिवस इस्पितळात होते. तू भेटायला आली होतीस."

आले होते. संत्री घेऊन गेले होते. तिथंही मी तिला कागदांवरूनच बोलले होते. हे मला आठवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती देणारी माणसं कशी असतात, असा मला नेहमी प्रश्न पडे. ती हिरव्या वह्या ठेवतात.

धाकटीनं खणातून गठ्ठा उचलला आणि पाकिटाबरोबर काखेत धरला. मी म्हटलं, "राहू दे, मी भरते." ती म्हणाली, "नको, बघते मी कुणाकडून तरी." रागाचा सूर नव्हता. मशीन बिघडलं की दुसरा कारागीर बघतात, तसा होता.

दारापर्यंत गेली आणि परत आली. टेबलावर उरलेली कोरी कार्डं होती. त्यातलं एक तिनं घेतलं, माझंच पेन उचललं आणि कोऱ्या जागेत काहीतरी लिहून कार्ड माझ्यापुढे ठेवलं.

"माझे मागचे अकरा वर्षांचे गठ्ठे तुझ्याकडे आहेत. ते परत हवेत. तेवढे या तारखेपर्यंत आणून दे."

ती गेली. बायकांना काय सांगायचं याचा विचार करतच जिना उतरली असणार. तिची पावलं मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकली.

कार्डावर तिच्या गोल अक्षरात पंधरा लिहिलं होतं. खाली छापलेलं, "हीच शेवटची मुदत." मी बराच वेळ ते बघत बसले. ही खरी तारीख होती, की माझ्या नावापुढेही तिनं काही आकडा धरून तेवढे दिवस आधीच कापले होते? फोन करून विचारता आलं असतं. मी हात लावला नाही.

मग माळ्यावरून तिचे गठ्ठे खाली काढायला सुरुवात केली. लाल, निळा, हिरवा. प्रत्येकाच्या कोपऱ्यात मीच कापलेल्या दोऱ्याची टोकं लोंबत होती. उद्याच नेऊन देणार आहे.