फुलकोबीचा भात

उत्तमरावांनी ताटातली चार शितं चिमटीत धरून ट्यूबलाइटच्या उजेडात नेली, उलटसुलट पाहिली आणि पुन्हा ताटात सोडली.

"हे काय हाय वं?"

"भात," पुष्पांजली म्हणाली. तव्यावरची नजर तिने काढली नाही.

"भात दाताखाली वाजते का?"

"फुलकोबीचा हाय. किसून वाफवला, वरून जिऱ्याची फोडनी देल्ली. वरन घ्या त्याच्यावर, मंग समजत नाई."

"मले त समजून राह्यलं," गोकुळ म्हणाला. चोवीस वर्षांचा हा त्यांचा मुलगा अमडापुरात खत-बियाण्याच्या दुकानात कामाला होता. घरी जेवायला बसला की अलीकडे तो आधी भाकरी उचलून तिच्याखाली काय लपवलंय ते पाहायचा.

उत्तमरावांच्या आईने, शालूबाईंनी, ताट दोन बोटांनी पुढे सरकवलं. "गाईसमोर टाकून पाह्य, गोकुळ. तोंड फिरोते का नाई ते सांग मले."

पुढची भाकरी पुष्पांजलीने तव्यावर टाकली नाही, आपटली. फूल किसायला अर्धा तास लागतो. मग ते फडक्यात घालून पिळावं लागतं, नाही तर लगदा होतो. पिळताना मनगट दुखतं. हे सगळं ऐकवावं असं तिला फार वाटलं. पण तोंडातून निघालं ते नेहमीचंच.

"डॉक्टरनं सांगतलं हाय."

या वाक्यापुढे घरात कोणाचं काही चालत नसे. उत्तमरावांनी वरण ओतून घेतलं, गोकुळने पाण्याच्या घोटाबरोबर घास उतरवला, आणि शालूबाईंनी ताट पुन्हा जवळ ओढलं. कुरकुर करत का होईना, तिघांनी ताटं रिकामी केली.

सगळ्यांचं आटोपल्यावर पुष्पांजली स्वयंपाकघरात एकटी जेवायला बसली. उरलेला फुलाचा भात, अर्धी भाकरी, निवलेलं वरण. जेवून झाल्यावर तिने फळीवरचा जवसाचा डबा काढला, कोपरापर्यंत हात आत घातला आणि तळाशी पुरून ठेवलेली गोळ्यांची पट्टी वर काढली. एक लांबट पांढरी गोळी पाण्याबरोबर गिळली आणि पट्टी परत जवसात पुरली.

साखर उत्तमरावांना नव्हतीच. तिला होती.

खोटं बोलायचं असं तिने काही ठरवलं नव्हतं. अडीच महिन्यांपूर्वी गावात तपासणीचं शिबिर झालं, तिथे दोघांनीही रक्त दिलं. कागद आणायला ती एकटी गेली. डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून समजावलं, की भात, बटाटा, मैदा, साबुदाणा कमी करा, भाकरी लहान करा, आणि जमलं तर सगळ्या घराचंच जेवण बदला. एकटीचं वेगळं काही टिकत नाही, आठ दिवसांत बाई पुन्हा पहिल्या ताटावर येते. घरी येताना वाटभर ती कसं सांगायचं तेच जुळवत होती. दारात पाऊल टाकलं आणि एवढंच म्हणाली, "शुगर निघाली."

उत्तमराव बाजेवरून उठून उभे राहिले. "माही?"

त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांचे थोरले भाऊ हिंमतराव साखरेनेच गेले होते. आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत पाय. ती कागद पुढे करत होती तर उत्तमरावांनी हाताने दूर सारला. "कागद नको दाखवू मले. भेव लागते." आणि आतून शालूबाई डोळ्यांना पदर लावत आल्या न् म्हणाल्या, "उद्यापासून या घरात भात शिजनार नाई. एक पोरगं गेलं तेवढं बस झालं."

पुष्पांजलीने तोंड उघडलं होतं. ते तिने मिटलं.

कारण तीन वर्षांपूर्वीची गोष्ट ती विसरली नव्हती. तेव्हा तिच्या पोटात व्रण झाला होता आणि तिखट बंद सांगितलं होतं. शालूबाई मायेनेच म्हणाल्या होत्या, "तुह्यापुरतं येगळं काढून घेत जाय." चार दिवस तिने स्वतःपुरती वाटीभर भाजी वेगळी काढली. पाचव्या दिवशी पाहुणे आले, सहाव्या दिवशी गॅस संपला, आणि सातव्या दिवसापासून ती सगळ्यांचं लाल तिखट कालवण घशाखाली ढकलायला लागली. कोणी विचारलंही नाही. कोणी वाईट होतं असं नाही. बाईचं वेगळं शिजवायचं ते बाईनेच, आणि तेही सगळं झाल्यावर, हे त्या घरात कधी कोणाला खटकलंच नव्हतं. आणि आता उत्तमरावांच्या नावाने एका शब्दात घरातली तांदळाची कोठी बंद झाली.

गोळ्या लागत नाहीत, पथ्यानेच जाते, असं सांगून ती कामाला लागली. वांग्याच्या भाजीतला आलू काढून कच्च्या पपईच्या फोडी घातल्या. गोकुळने फोड बोटाने दाबून विचारलं, "हे कोनतं आलू हाय?" कढीतलं बेसन अर्ध्यावर आणलं. भाकरीच्या पिठात जवस मिसळलं, आणि सोयाबीन. सोयाबीन त्यांच्या घरात दर हंगामाला पोत्यांनी यायचं आणि पोत्यांनीच बाजार समितीत जायचं. ते खायचं असतं हे आजवर कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पहिल्यांदा तिने ते कच्चंच दळून आणलं. भाकरीला उग्र वास सुटला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चौघांचीही पोटं गुडगुडत राहिली. मग तिला कळलं, की सोयाबीन आधी उकळायचं, गच्चीवर वाळवायचं, खमंग भाजायचं आणि मगच गिरणीत न्यायचं. तिथे गिरणीवाले माणिकराव अडून बसले. "वैनी, तेलकट दाना हाय. दगड भरते माह्या चक्कीचा. ज्वारीत मिसळून आना." ती डबा डोक्यावर घेऊन परत आली, ज्वारी मिसळली आणि पुन्हा गेली.

एवढ्या खटाटोपाला घरात एक नाव होतं, गाईचं खाणं. तिचा जीव वैतागून जायचा. वैतागून बोलायचं कोणाला, तर तीही सोय नव्हती. खोटं तिचं होतं.

एकदा उत्तमरावांच्या सदऱ्याच्या खिशात तेलकट कागद सापडला. चिखलीच्या बसस्टँडवर आलूबोंडे खाऊन आले होते. पुष्पांजलीच्या अंगाचा तिळपापड झाला. "पाय कापाचा हाय का तुमाले, दादासारका?" ती ओरडली. उत्तमराव पांढरेफटक पडले. ओरडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण कोणाला काय बोलतोय. दारात शालूबाई उभ्या होत्या, आणि दादा म्हणजे त्यांचा गेलेला मुलगा. त्या दिवशी तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने दिवसभर कोणाच्या नजरेला नजर दिली नाही. उत्तमराव मात्र पुढचे चार दिवस सोयाबीनची भाकरी मुकाट्याने खात होते.

त्यानंतर आठवड्याभरात ती शेतातून आली तर स्वयंपाकघरात जवसाचा खमंग वास पसरला होता. शालूबाई चुलीपुढे बसलेल्या.

"भाजून ठेवलं म्या जवस," त्या म्हणाल्या. "तू कवा भाजशीन आन् कवा दळशीन."

शालूबाई पाठमोऱ्या झाल्यावर पुष्पांजलीने डब्यात हात घातला. पट्टी तळाशी होती. म्हातारीने वरवरचंच काढलं असेल, असं तिने स्वतःला समजावलं. संध्याकाळी शालूबाईंनी पपईच्या भाजीला नेहमीसारखी नावं ठेवली, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

मग एका मंगळवारी उत्तमराव आणि गोकुळ ठिबकच्या नळ्या आणायला चिखलीला गेले ते दिवेलागणीला परतले. उत्तमरावांच्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात कागद. कागदाला भिणारा माणूस आज तो कागद खाली ठेवायला तयार नव्हता.

"गोकुळनं वढत नेलं मले लॅबमदी," ते म्हणाले. "पाह्य. नॉर्मल! लिव्हलंच हाय इथी. शुगर गेली!"

पुष्पांजली परातीत पीठ घेऊन बसली होती. उत्तमराव तिच्याजवळ आले, क्षणभर घुटमळले. "तुह्या हाताचा गुन हाय हा," ते हळूच म्हणाले. "नाई त माहं काई खरं नव्हतं."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. तिच्या हाताला गुण आहे असं ते पहिल्यांदाच म्हणाले होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी तिला त्या कागदाचा बोळा करावासा वाटला. उत्तमरावांनी पिशवीतून तांदळाचं पाकीट काढून तिच्या पुढ्यात ठेवलं. मागोमाग आलू.

"घे. आता बंद कर ते फूलगील. कुकर लाव."

"असं एकदम सोडू नये म्हनते," ती म्हणाली. "सवय झाली हाय आता समद्याइले. राहू द्या ना तसंच."

"सवय?" गोकुळ हसला. "आई, मले सपनात आलू दिसते."

"तुले आवडते त तू खात जाय," उत्तमराव म्हणाले. त्यांच्या आवाजात नुसता आनंद होता. "तुह्यापुरतं येगळं करून घेत जाय. तुले कोन नाई म्हनते?"

पुष्पांजलीने हाताचं पीठ झटकलं. आता सांगावं लागणार होतं. सांगितलं तर आधी तिच्या खोटेपणावर रामायण होईल. मग दोन दिवस सगळे हळहळतील. आणि तिसऱ्या दिवसापासून ती भातही लावेल, आलूही चिरेल, आणि सगळं झाल्यावर उरलेल्या त्राणाने स्वतःपुरतं फूल किसत बसेल. किती दिवस, तेही तिला माहीत होतं. ती उठली, खुंटीची कात्री घेतली आणि पाकिटाच्या कोपऱ्याला लावली.

"थांब वं. कापू नको ते."

कोपऱ्यात शेंगा सोलत बसलेल्या शालूबाई बोलल्या होत्या.

"काऊन?" उत्तमरावांनी विचारलं.

"मले निघाली शुगर."

"तुले? कवा तपासली?"

"मांगच्या हप्त्यात. तू वावरात होता. पुष्पीनं नेलं मले."

"मंग सांगतलं नाई? कागद कुठी हाय?"

"कागद काय खायाचा हाय?" शालूबाईंनी एक शेंग फोडली. "तुहं चाललंच होतं पथ्य, त्यात माहं बी भागून राह्यलं होतं. आता तुहं सुटलं म्हून सांगतलं."

उत्तमराव पुष्पांजलीकडे वळले. "हाव का वं?"

तिच्या हातातली कात्री तशीच उघडी होती. तिने शालूबाईंकडे पाहिलं. त्या मान खाली घालून शेंगांतच गुंतलेल्या.

"हाव," पुष्पांजली म्हणाली.

उत्तमरावांनी हातातल्या कागदाची घडी केली, पुन्हा एक घडी केली आणि खिशात घातली. मग पाकीट आणि आलू उचलून त्यांनी गोकुळच्या हातात दिले. "शेजारच्या आशाबाईच्या घरी देऊन ये. आपल्या घरात दिसाले नको मायच्या समोर."

त्या संध्याकाळी उत्तमरावांनी फुलकोबीचा भात खाल्ला. दोनदा मागून घेतला. आईकडे बघत, चांगला झाला आहे असंही म्हणाले. गोकुळनेही भाकरी उचलून पाहिली नाही. वाढता वाढता पुष्पांजलीला राग आला. सुटका झाली होती, पण रागच अधिक होता. आईचं नाव निघालं आणि पाच मिनिटांत सगळं झालं. अडीच महिने मनगट तिचं दुखत होतं आणि घरातलं दुखणं मात्र दर वेळी दुसऱ्याच्याच नावाचं निघत होतं.

बाप-लेक हात धुऊन ओसरीवर गेले. शालूबाई आपलं न उष्टावलेलं ताट घेऊन स्वयंपाकघरात आल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

"जवसाचा डबा काढ."

पुष्पांजली जागची हलली नाही.

"हिंमतले सहा वर्सं त्याच गोया म्या माह्या हातानं देल्ल्या," शालूबाई म्हणाल्या. "मले वाचता येत नाई. दिसते त बराबर."

"आत्याबाई, मी सांगनार होती..."

"कोनाले सांगनार होती?" त्यांचा आवाज नेहमीसारखाच तुटक होता. "तुह्या नावानं या घरात कोनी फूल खाल्लं नसतं. म्या बी नसतं खाल्लं."

पुष्पांजलीने फळीवरून डबा उतरवला आणि दोघींच्या मध्ये ठेवला.

"गोई जेवनाच्या आंदी असते का मांगून?"

"मांगून."

"मंग जेव आंदी. गरम हाय तवर." शालूबाईंनी बाजूचा पाट पायाने तिच्याकडे सरकवला.

पुष्पांजलीने ताट वाढून घेतलं आणि पाटावर बसली. भातातून अजून वाफ निघत होती. शालूबाईंनी आपल्या ताटातला एक घास तोंडात घातला, बराच वेळ चावला आणि कपाळाला आठ्या पाडल्या.

"आन् याच्यात मीठ टाकत जाय जरासंक. अडीच महिने झाले, आळनी खाऊन राह्यलो समदे."

मीठही कमीच सांगितलं आहे, हे पुष्पांजलीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने मिठाची बरणी पुढे केली. शालूबाईंनी चिमूटभर मीठ घेतलं आणि आधी तिच्या ताटात टाकलं.