सुभद्राची ताटली

पाव करण्याचं मशीन घरात आलं आणि माझी दुपारची झोप गेली. लोकांच्या घरात मशीन काम कमी करायला येतं. आमच्याकडे आलं ते जास्तीचं काम घेऊन आणि ओट्यावर ठाण मांडून बसलं.

आकांक्षाने ते मस्कतहून पाठवलं होतं, कसालच्या एका माणसाबरोबर. माझी लेक तिथल्या एका मोठ्या हॉटेलच्या ऑफिसात कामाला. भाकऱ्या थापून आणि नारळ खोवून माझं कोपर कामातून गेलंय, हे तिला ठाऊक होतं. फोनवर म्हणाली, "आये, आता पीठ मळू नको. ताच मळता, ताच भाजता. तू नुसती बस."

बसले असते मी. पण नवीन काही घरात आलं की पहिला घास देवापुढे आणि दुसरा शेजारी, ही आमच्या जामसंड्याची रीत. पहिला पाव कापून वाडीत वाटला. शेजारच्या सुभद्राने उलट बांगडे पाठवले, न कापलेले, तेही तिच्या ताटलीतून. ते साफ करण्यात दिवस मावळला. वर तिची ताटली माझ्या घरी राहिली, आणि आमच्याकडे कुणाची ताटली रिकामी परत करत नाहीत. निदान साखरेची चिमूट तरी घालतात. साखर दिली असती तर सुभद्राने तोंड वाकडं केलं असतं, म्हणून पुन्हा पाव दिला. पुन्हा तिच्याच ताटलीतून फणसाचे गरे आले. पुढे पुढे तर बायका मैदाच आणून ठेवू लागल्या. मी जरा कुरकुरले तर सुभद्रा म्हणाली, "तुझा काय जाता गो? मशीन काय दमता?"

मशीन दमत नव्हतं, दमत होते मी. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत.

त्यात ते भारनियमन. वेळ ठरलेली, पण ती पाळायची असं काही ठरलेलं नव्हतं. आमचं मशीन विसराळू. मध्येच लाईट गेली की आपण कुठवर आलो होतो ते विसरायचं आणि लाईट परत आली तरी मख्खासारखं बसून राहायचं. मग तो चिकट गोळा काढून मी हाताने मळायचे आणि मागच्या पडवीत चुलीवर, तव्यावर झाकण घालून भाजायचे. आमचे हे होडीवरून आले की निमूट खायचे. एकदाच म्हणाले, "हो पाव नाय, हो भाकरीचो सावतर भाव."

दर रविवारी आकांक्षाचा फोन यायचा. "आये, आराम मिळता मां?"

"मिळता तर. बटण दाबूचा आणि बसाचा," मी सांगायचे आणि दुसऱ्या हाताने कोपर चोळायचे. काय सांगणार? पोरीने पोटाला चिमटा घेऊन आईला सुख पाठवलं. त्या सुखाला मी नावं ठेवावीत? तिला वाईट वाटलेलं मला सोसलं नसतं.

मे महिन्यात ती सुट्टीवर आली. वाळली होती. एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचा कुडता घालून वावरत होती. मी विचारलं तर म्हणाली, ऑफिसात एसी असतो, सवय झाली. मी मनाशी एकच धरलं होतं. ती आहे तोवर एक पाव मशीनमधून नीट निघाला पाहिजे. तिने तो डोळ्यांनी बघावा, आई सुखात आहे म्हणून निश्चिंत मनाने परत जावं.

सकाळी तिच्यासमोर सगळं मोजून घातलं, बटण दाबलं आणि राणीसारखी स्टुलावर बसले. मशीन घरघरलं. ती बघून हसली. आणि लाईट गेली.

"येतली आता," मी म्हटलं. "तू आंघोळ करून घे."

ती गेली तशी मी गोळा उचलून पडवीत पळाले. चूल पेटवली, कोपराला फडकं गुंडाळलं आणि परातीत मळायला बसले. पाव तव्यावर भाजून पुन्हा मशीनमध्ये ठेवायचा, असं काहीतरी खुळं डोक्यात होतं. कुठून येते म्हातारपणी असली अक्कल. मान वर केली तर ती ओल्या केसांनी दारात उभी. माझ्या हाताकडे बघत होती, फडक्याकडे बघत होती.

ती खाली बसली, बाह्या वर सारल्या आणि परात स्वतःकडे ओढली. तळहाताने गोळा पुढे रेटायची, दुमडायची, फिरवायची, पुन्हा रेटायची. बघावंसुद्धा लागत नव्हतं तिला. आणि मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याच्या रेघा होत्या, एकावर एक. काही काळ्या पडलेल्या, एक अजून लालच.

"ऑफिसात भट्टी आसता?" मी विचारलं.

"ऑफिस नाय गो आये. पयल्यापासून भट्टीवरच आसंय."

"मगे माका सांगलंस नाय ता?"

"तू खंय सांगलंस?"

मी चुलीतलं लाकूड आत सारलं. ती मळतच राहिली. मग हळूच म्हणाली, "दुकानात ता मशीन बघलंय. म्हटलं, माझा मळणा काय सुटाचा नाय. तुझा तरी सुटांदे."

 मी तिचे हात धरले, पिठासकट, आणि तिला थांबवलं. "रवांदे ता," म्हटलं. "काय खातलंस ता सांग."

"पावाचो वास नको माका. घावणे खातंय. तू उठू नको, मीच घालतंय."

तेवढ्यात बाहेरून सुभद्राने हाक मारली. "रुक्मिण्ये, झालो काय गो पाव? माझी ताटली तरी दी."

ताटली फळीवर धुऊन ठेवली होती. साखरेचा डबा तिच्या शेजारीच होता. मी ताटली उचलली आणि तशीच सुभद्राच्या हातात दिली. तिने एकदा ताटलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"लाईट नाय?" तिने विचारलं.

"लाईट येतली," मी म्हटलं. "पाव नाय येवचो. आमी दमलंव."

आणि दार ओढून घेतलं.