चार बोटं खाली

एकतीस सालच्या दिवाळीनंतर तुळशीराम मुंबईहून आगबोटीने श्रीवर्धनला परत आला. चौघांनी त्याला पडावातून उचलून किनाऱ्यावर आणलं आणि बैलगाडीत पेंढ्यावर निजवून घरी नेलं. गोदीजवळच्या एका कारखान्यात तो फिटर होता. साखळी तुटून लोखंडाचा पत्रा त्याच्या डाव्या गुडघ्यावर पडला. तीन महिने इस्पितळात काढल्यावर पाय वाचला, पण गुडघा जुळून आला तो जवळजवळ सरळच. मांडी घालता येईना, उकिडवं बसता येईना. शेतीचं काम तर सुटलंच.

त्याची बायको केसर त्या बैलगाडीच्या मागून घरापर्यंत चालत आली होती. नऊ वर्षांच्या संसारात नवरा सलग महिनाभर घरी राहिला असा हा पहिलाच प्रसंग. तिने त्याचं सगळं केलं. रोज सकाळ-संध्याकाळ गुडघ्याला तेल चोळायची, अंघोळीला धरून न्यायची. आणि तुळशीराम तिच्यावर खेकसायचा. भात गरम का, भात गार का, हळू का चालतेस, धावतेस कशाला. ती ऐकून घ्यायची. एकदा ती तेल लावत असताना तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्याने पाहिलं. ते त्याला सहन झालं नाही.

"कीव करायला बसलीस काय?" तो म्हणाला. "लंगड्याची बायको म्हणून कशापायी ऱ्हातेस? जा तुझ्या भावाकडं."

केसरने तेलाची वाटी खाली ठेवली. चार दिवसांनी तिचा भाऊ भागोजी बाजारासाठी आला, तेव्हा तिने लुगड्यांचं गाठोडं बांधलं. निघताना ती उंबऱ्यात थांबली. तुळशीराम खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. ती उभी आहे हे त्याला कळत होतं. एक शब्द बोलायचा होता, पण तो तोंडातून निघेना. मग बांगड्यांचा आवाज अंगणातून लांब गेला.

त्या गोष्टीला दोन वर्षं झाली. काडीमोड झाला नाही, निरोप नाही, काही नाही. केसर बोर्ली पंचतनच्या अलीकडच्या एका वाडीत भावाच्या शेतात राबत होती, एवढं त्याला बाजारातून कळायचं. तो काठीवर चालायला लागला. बाजाराच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली त्याने काम सुरू केलं. गॅसबत्त्या, स्टोव्ह, शिवणयंत्रं, विहिरीवरच्या रहाटाचे दांडे, लोक आणतील ते तो दुरुस्त करायचा. हात चांगला होता. काम संपलं की तो बोर्लीच्या रस्त्याकडे तोंड करून बसायचा. त्या बाजूने येणाऱ्या गाडीवानाला विचारावं असं रोज वाटायचं. काय विचारायचं ते ठरत नसे.

बैलगाडी सांगून तिच्या वाडीला जाता आलं असतं. पण पेंढ्यावर आडवं पडलेलं तिने त्याला एकदा पाहिलं होतं. पुन्हा तसंच तिच्या दारात जायचं, चार माणसांनी धरून उतरवायचं, हे त्याच्या मनाला पटत नव्हतं.

तेहतीस साली गावच्या दत्तात्रेय डॉक्टरांनी मोटार घेतली आणि त्यांची जुनी फटफटी गोठ्यात जाऊन पडली. तिच्या टाकीवर कोंबड्या बसू लागल्या. मोटारीची देखभाल तुळशीरामकडेच होती. एक दिवस तो डॉक्टरांना म्हणाला, "ती फटफटी मला द्याल का?"

डॉक्टरांनी त्याच्या पायाकडे पाहिलं. "बसणार कसा तू?"

"ते माझं मी बघतो."

"मग ने. नाहीतरी ती कोंबड्यांचीच झालीय."

दीड महिन्यात त्याने इंजिन चालू केलं. उजव्या पायाने लाथ मारता येत होती, ताठ डावा पाय तेवढ्यापुरता खांबासारखा उभा राहायचा. गियर टाकीजवळच्या दांड्याने हाताने पडत होते. अडलं ते बसण्यात. पाय ठेवायच्या खुंट्या इंजिनाच्या बगलेला इतक्या वर होत्या की गुडघा काटकोनात दुमडल्याशिवाय पाय तिथे पोचणं शक्य नव्हतं. डावा पाय हवेत पुढे धरून त्याने बाजारापासून देवळापर्यंत एक फेरी मारली. परतेपर्यंत मांडी थरथरायला लागली, आणि वाटेत निवडुंगाच्या कुंपणाने पोटरी सोलून काढली.

तो धर्माजी लोहाराकडे गेला. धर्माजी साठीचा होता. होड्यांचे खिळे आणि नांगराचे फाळ घडवण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याने फटफटीभोवती दोन फेऱ्या घातल्या.

"खुंटी खाली घ्यायची म्हणतोस?"

"व्हय दादा. जेवढी खाली जाईल तेवढी."

"जेवढी जाईल तेवढी असं काही नसतं. मी तीन करतो. बसून बघ आणि मग सांग."

त्याने लोखंडी पट्ट्यांच्या तीन जोड्या घडवल्या. पहिली दोन बोटं खाली नेणारी, दुसरी चार बोटं, तिसरी चांगली वीतभर. दोघं फटफटी किनाऱ्यावर घेऊन गेले. ओहोटी होती आणि ओली वाळू फरशीसारखी घट्ट झाली होती. दोन बोटांची खुंटी लावली तेव्हा गुडघ्यातून कळ आली. वीतभराची लावली आणि तुळशीरामला इतकं बरं वाटलं की त्याने डोळेच मिटले. पाय सरळ खाली गेला होता, जमिनीवर उभं असल्यासारखा.

"हीच," तो म्हणाला.

"आधी वळव तरी."

वळताना फटफटी कलली. डावी खुंटी वाळूत घुसली, नांगरासारखी चर काढत गेली आणि तुळशीराम खांद्यावर पडला. धर्माजी त्याची काठी घेऊन सावकाश चालत आला.

"वाळू होती म्हणून वाचलास," तो म्हणाला. "बोर्लीच्या रस्त्याला चाकोऱ्या हाईत, धोंडे हाईत. पहिल्याच वळणाला खुंटी धोंड्यावर बसंल."

"चार बोटांवर पाय मावत न्हाय, दादा."

धर्माजी बराच वेळ त्याचा पाय बघत राहिला. मग त्याने फटफटी सरळ धरली, तुळशीरामला बसवलं आणि त्याची टाच हातात घेऊन पाय हलवून पाहिला. "तुझा पाय खाली जायाला मागत न्हाय, पुढं जायाला मागतोय. चार बोटं खाली आणि पाच बोटं पुढं. एवढ्यात भागंल."

तसंच झालं. गुडघा होता तितकाच वाकला, पाऊल पुढे टेकलं. धर्माजीने ब्रेकचा दांडाही तापवून, वाकवून त्या पावलाखाली आणला. उजवी खुंटी तुळशीराम होती तशीच ठेवणार होता, पण धर्माजी ऐकेना. एक पाय वर आणि एक खाली ठेवून माणूस बसला की दोन कोसांत कंबर भांडते, असं त्याचं म्हणणं. उजवीही चार बोटं खाली आली.

महिनाभर तुळशीरामने किनाऱ्यावर सराव केला. मग माघ संपता संपता, एका सकाळी धुतलेला सदरा घालून तो बोर्लीच्या वाटेला लागला.

चढावर इंजिन तापलं म्हणून दोनदा थांबावं लागलं, पण पाय दुखला नाही. रस्ताभर तो मनात बोलत होता. मी चुकलो, असं म्हणायचं. नाही, आधी कशी आहेस म्हणायचं. नाही, आधी काहीच बोलायचं नाही, तिला बोलू द्यायचं.

केसर शेतात भाजावळीसाठी, पेरणीआधी जमीन भाजायला, पालापाचोळा पसरत होती. फटफटीचा आवाज ऐकून वाडीतली माणसं धावत आली. ती मात्र हातातला भारा पसरून झाल्यावरच बांधावर आली. ती काळवंडली होती आणि बारीक झाली होती. तुळशीराम आपला आपण उतरला.

"पाय बरा दिसतोय," ती म्हणाली.

"बरा न्हाय. वाकत न्हाय तो. खुंटी खाली घेतली, म्हणून बसाया येतंय."

तिने खाली वाकून खुंटी पाहिली, ब्रेकचा दांडा पाहिला. "चांगलं केलंय."

"धर्माजीनं केलं." मग तो एकदम म्हणाला, "तुला न्यायला आलोय."

केसर फटफटीच्या मागे गेली. मागे एक लोखंडी जाळी होती आणि तिच्यावर दोरीने पान्यांची पिशवी बांधली होती. तिने त्या पिशवीवर हात ठेवला.

"आन् मी कुठं बसू?"

तुळशीरामने जाळीकडे पाहिलं. दोन-तीन महिने तो खुंट्या, दांडे, बोटं मोजत बसला होता. रात्रंदिवस तिचाच विचार होता. पण ती बसेल कुठे, हे एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं. केसर रागावली नाही. त्याला पाणी दिलं, भाकरी दिली आणि पुन्हा शेतात गेली. भागोजी फटफटी ढकलायला रस्त्यापर्यंत आला. "दाजी, तिच्या मनात राग न्हाय," तो म्हणाला. "पण ती बोलत बी न्हाय."

परतताना तेच चढ, तेच धोंडे. आता पाय ठणकत होता.

मागची बैठक तयार करायला फार दिवस लागले नाहीत. चामड्याच्या खोळीत काथ्या भरून तुळशीरामने ती स्वतः शिवली. पण तिच्या पायांसाठी खुंट्या करायच्या म्हणून तो धर्माजीकडे गेला तेव्हा धर्माजीने विचारलं, "किती खाली घेऊ?"

तुळशीरामने स्वतःच्या पायाकडे पाहिलं.

"बाईची उंची किती?"

"माझ्या... खांद्याला लागत असंल."

"असंल?"

बायको आपल्या खांद्याला लागते की छातीला, हे तुळशीरामला आठवेना. तो मुंबईत, ती इथे. वर्षातून दोनदा भेट, त्यात ती चुलीपुढे बसलेली किंवा वाकून काम करताना. शेजारी उभं राहून तिला पाहिल्याचं एकही चित्र त्याच्यापाशी नव्हतं.

"पट्टीला पाच भोकं पाड," तो शेवटी म्हणाला. "कुठलं ते तिथं बघीन."

निघताना मात्र त्याने खुंट्या सगळ्यात खालच्या भोकात बसवल्या. खाली म्हणजे आराम, हे त्याच्या अंगात भिनलं होतं.

वैशाखात तो पुन्हा वाडीवर गेला. केसरने बैठक पाहिली आणि हात पदराला पुसले. कासोटा आवळून ती पुरुषासारखी दोन्हीकडे पाय टाकून बसली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तिची पावलं खुंट्यांच्या वर हवेत लोंबत होती.

"हे कुणाच्या पायाचं केलंय?" तिने विचारलं. "तुमच्याच?"

तुळशीराम पान्यांची पिशवी घेऊन जमिनीवर बसला. ताठ पाय एका बाजूला पसरला. बोल्ट काढून त्याने खुंटी एक भोक वर लावली आणि तिचं पाऊल हातात घेऊन वर टेकवलं. टाचेला भेगा होत्या आणि भेगांत राख होती. दोन वर्षांत त्याने तिला पहिल्यांदाच हात लावला होता.

"इथं?"

"वर."

त्याने पुन्हा बोल्ट काढला. "इथं?"

"अजून वर घ्या."

चौथ्या भोकावर ती म्हणाली, "आता बरं हाय." दुसऱ्या बाजूची खुंटी त्याने न विचारता चौथ्यावर लावली, तरी पाऊल टेकवून पाहिलंच.

तो तिला घाटाच्या माथ्यापर्यंत घेऊन गेला. तिने त्याला धरलं नाही. मागच्या जाळीला दोन्ही हातांनी धरून ती बसली होती. माथ्यावर त्याने इंजिन बंद केलं. खाली माडांच्या आणि पोफळींच्या पलीकडे समुद्र दिसत होता.

"मी उंबऱ्यात हुबी हुते त्या दिवशी," केसर मागूनच म्हणाली. "तुमाला ठावं हुतं?"

"ठावं हुतं."

"मग?"

"तोंडातनं शब्द निघंना." थोड्या वेळाने तो म्हणाला, "रोज बोलतो आता. मनात."

"मला कसं ऐकू येणार ते?"

"आज येतेस?"

तिने समुद्राकडे पाहिलं. "आज न्हाय. पेरणी तोंडावर आलीय, भागोजी एकटा हाय. भात घरात येऊ दे."

"येशील पण?"

"भात घरात येऊ दे, म्हनलं ना. आता मागं वळवा."

त्याने तिला परत सोडलं.

मग पाऊस लागला. रस्ता चिखलात बुडाला, आगबोट बंद झाली. तुळशीराम छपराखाली बत्त्या दुरुस्त करत बसला. फटफटीवर टाकलेलं गोणपाट रोज बाजूला करून पाहायचा, चाकांवर गंज चढलाय का म्हणून. आषाढ गेला, श्रावण गेला. दिवस मोजायचे नाहीत असं तो ठरवायचा आणि रोज लोकांना भातं कुठवर आली म्हणून विचारायचा. भाद्रपदात भागोजी चिखल तुडवत मीठ-तेलासाठी बाजारात आला. निघता निघता तो थांबला.

"दाजी, अक्कानं इचारलंय, बैठकीचं चामडं भिजत तर न्हाय ना म्हणून."

तुळशीरामने हातातला पाना खाली ठेवला. "सांग तिला," तो म्हणाला, "बैठक काढून घरात माळ्यावर ठेवलीय. रोज पुसतो."

कार्तिकात भात झोडून झालं. केसर गाठोडं मांडीवर घेऊन मागे बसली, भागोजीने आणि वाडीतल्या माणसांनी फटफटी ढकलली. वाटभर दोघं फारसं बोलली नाहीत. एका हाताने गाठोडं आणि दुसऱ्याने मागची जाळी धरून ती बसली होती. तिचा एखादा तरी हात आपल्या खांद्यावर यावा असं तुळशीरामला प्रत्येक वळणाला वाटत होतं. तो आला नाही. त्यानेही मागितला नाही. श्रीवर्धन दिसायला लागलं तेव्हा त्याने इंजिनाचा जोर कमी केला आणि उरलेला रस्ता अगदी सावकाश संपवला.