एकशे एकविसाव्या भोकापर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फळी आहे आणि मला भयंकर राग आलेला आहे.

काशिराम कोळी जहाजावर खलाशी होते. तिथे ते क्रिबेज नावाचा पत्त्यांचा खेळ शिकले. करंजाला परतल्यावर त्यांनी मोडक्या होडीच्या फळीला भोकं पाडून मला घडवलं. पत्त्यांत जितके गुण, तितकी भोकं आपली खुंटी पुढे सरकवायची. एकशे एकवीसला जो आधी पोहोचेल तो जिंकला.

भरतीची वाट बघत काशिराम आणि त्यांचे दोस्त जगन बंदरावर माझ्यावर खेळायचे. जगन सुरुवातीलाच सुसाट सुटायचे. काशिराम सावकाश, पण अर्धा डाव झाला की असे गाठायचे, की बघणाऱ्यांचं जाळं विणायचं राहून जाई!

आता काशिराम सुकापूरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात. दर रविवारी जगन करंजाहून येतात आणि संध्याकाळी शैलेश, म्हणजे काशिरामांचा मुलगा, त्यांना गाडीने स्टँडवर सोडतो. त्याला सदा घाई. "बाबा, एकसष्टला संपवा ना. गेम तोच आहे, फक्त शॉर्ट."

काशिराम ऐकेनात. होडीवाल्यांच्या घरात लाकडाला भोक दिसलं की बुजवायची सवयच असते. शैलेशने लाकडाच्या फटी बुजवायची लांबी आणली आणि एकसष्टच्या पुढची माझी सगळी भोकं लिंपून टाकली. वर म्हणतो, "आता कसं नीट दिसतंय!" नीट? अरे दिवट्या, तुला छोटा डाव आवडतो तर तू खेळ ना खुशाल! बापाचा डाव अर्ध्यावर तोडणारा तू कोण?

काशिराम ओळीने चार रविवार हरले. पाचव्या रविवारी त्यांनी पत्ते हातातच घेतले नाहीत. "माजा नांगर आता कुटं उचलला, तवर डाव संपला पन. मना नाय खेलाचा."

पुढच्या रविवारी जगन पिशवीतून गिरमिट घेऊन आले आणि माझं एकेक भोक मोकळं करू लागले. फार दुखलं, पण दुखू दे!

"काका, उशीर होईल," शैलेश म्हणाला.

"होऊं दे. मी रिक्षानी जाईन. असा जिंकून मना काय कराचा हाय?"

डाव संपेपर्यंत शैलेश किल्ली घेऊन दारात ताटकळत होता. राहू दे उभा! मित्रांनो, म्हाताऱ्या माणसांचा खेळ त्यांना न विचारता तोकडा करू नका. त्या दिवशी काशिराम एका भोकाने हरले, आणि हसत म्हणाले, "जगन, पीस पत्ते."